दिवसभर नातवंडं सांभाळणाऱ्या आजी-आजोबांसाठी: मोबाईल कसा आवरायचा

माझा नातू आता साडेतीन वर्षांचा आहे. पावणेदोन वर्षांचा असताना मोबाईल समोर धरल्याशिवाय तो तोंड उघडत नव्हता. ही सवय त्याला आई-बापाने लावली नाही, मी लावली. सोडवलीही मीच, आणि त्याला पाच-सहा महिने लागले. ते कसं केलं ते सविस्तर लिहिते आहे, कारण बागेत, दवाखान्यात, बिल्डिंगखाली ज्या ज्या आज्या भेटतात त्या हेच विचारतात. मुलाच्या आई-वडिलांना सल्ला देणारे पुष्कळ आहेत. दिवसाचे बारा तास मूल ज्यांच्या अंगावर असतं, त्यांच्याशी फारसं कुणी बोलत नाही.

मी सत्तावीस वर्षं डहाणू तालुक्यात एका पाड्यावर अंगणवाडी सेविका होते. पंचवीस-तीस मुलं, एक खोली आणि पुढे अंगण. त्याच भागात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचं काम उभं केलं होतं. बिया, शिंपले, पानं, माती, जे हाताशी मिळेल त्यातून मुलांना शिकवायचं ही त्यांची रीत. आम्हीही तेच करत होतो. निवृत्त होऊन डोंबिवलीला मुलाकडे आले. सून आठच्या सुमाराची लोकल पकडते, मुलगा तिच्याआधी निघतो, संध्याकाळी दोघं साडेसात-आठला घरी. मधल्या वेळात नातू, मी आणि हे. तिसरा मजला, गुडघे दुखतात, दार उघडलं की जिना. पाड्यावर जे अंगण माझ्यासाठी अर्धं काम करत होतं, ते इथे नव्हतं. त्या जागी मोबाईल आला.

आधी आठवडाभर फक्त लिहून ठेवा

काहीही बंद करू नका. भिंतीवरच्या कॅलेंडरचं जुनं पान उलटं करा आणि मोबाईल किंवा टीव्ही जेव्हा जेव्हा लागेल तेव्हा तीनच गोष्टी लिहा: किती वाजता, किती वेळ, आणि त्या वेळी मी काय करत होते. तिसरी नोंद सगळ्यात महत्त्वाची, ती टाळू नका.

माझ्या कागदावर सात दिवसांत बावीस नोंदी झाल्या. एका बुधवारची बेरीज साडेतीन तास आली. पण मला हलवलं ते वेगळ्याच गोष्टीने. बावीसपैकी सहा वेळा नातवाने मोबाईल मागितला होता. सोळा वेळा त्याने मागितलाच नव्हता, मी आपणहून दिला होता. आणि 'मी काय करत होते' या रकान्यात पुन्हा पुन्हा तेच चार प्रसंग होते: साडेदहाचा स्वयंपाक, एकचं जेवण, चारला पाठ टेकायची वेळ आणि संध्याकाळचा सहा ते साडेसात.

म्हणजे आवरायचं होतं ते मूल नव्हतंच. माझ्या दिवसातल्या चार अडचणीच्या वेळा होत्या. मूल तेच राहिलं, त्या वेळांची मांडणी बदलली, आणि मोबाईल आपोआप कमी झाला. तुमच्या वेळा वेगळ्या निघतील. निघू देत, पण आधी कागदावर येऊ देत.

किती चालतं

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्या. दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत पडदा नको. दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी असेल तर उत्तम. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांची संघटना, इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स, हीसुद्धा दोनच्या आत नको आणि दोन ते पाचपर्यंत एक तासाच्या वर नको असंच सांगते. जवळच्या माणसांशी अधूनमधून केलेला व्हिडिओ कॉल त्यांनी यातून वगळला आहे. तेव्हा परगावच्या आत्याशी किंवा मामाशी बोलताना अपराधी वाटून घेऊ नका. त्यात समोरचं माणूस मुलाच्या बोलण्याला उत्तर देतं, हसतं, थांबतं. गाण्याच्या व्हिडिओत यातलं काहीच होत नाही.

त्याच २०१९ च्या सूचनांत झोप आणि हालचालही आहे: तीन-चार वर्षांच्या मुलाला दुपारची धरून दहा ते तेरा तास झोप आणि दिवसभरात मिळून तीन तास हालचाल. मला हा भाग जास्त उपयोगी पडला. 'मोबाईल कमी करा' म्हटलं की काय करायचं ते कळत नाही. 'तीन तास हालचाल' म्हटलं की कळतं.

आधी जेवण मोबाईलपासून सोडवा

सगळीकडे एकदम हात घालू नका. जेवणापासून सुरुवात करा, तीही दुपारच्या एकाच जेवणापासून, आणि सोमवारी. शनिवार-रविवारी घरात सगळे असतात, मूल रडलं की कुणाचं तरी मन द्रवतं. आदल्या रात्री मुलाला आणि सुनेला सांगून ठेवा, म्हणजे दुपारी फोनवर 'जेवला का?' विचारताना त्यांना रडणं ऐकू आलं तर त्यांचा जीव वरखाली होणार नाही.

आमचा पहिला दिवस असा गेला. गॅलरीच्या दाराशी जुनी चादर अंथरली. छोट्या ताटलीत मऊ वरणभात, वर तूप, बाजूला काकडीचे दोन लांब पातळ काप. माझंही ताट वाढून घेतलं आणि त्याच्या समोर बसले. आधी मी त्याला भरवायची आणि मग एकटी जेवायची, म्हणजे जेवणारं माणूस त्याने दुपारी कधी पाहिलंच नव्हतं. तो बसला. माझ्या पाठीमागे वाकून पाहिलं. मग हात पुढे करून म्हणाला, "आजी, बोबाई." मी म्हटलं, "मोबाईल जेवत नाही रे. आपण जेवतो." त्याने ताटली ढकलली आणि रडायला लागला. रडता रडता खोकला लागला, उलटी होते की काय असं वाटलं. माझी नजर दोनदा ओट्याकडे गेली, मोबाईल तिथे उलटा ठेवलेला होता. त्या दिवशी चार घास गेले असतील. अर्ध्या तासाने ताटली उचलली. रागावले नाही, घास घेऊन मागे धावले नाही, दूध-बिस्किटाने पोट भरायचा प्रयत्न केला नाही. चारला केळं दिलं, ते त्याने पूर्ण खाल्लं.

मंगळवारही असाच. बुधवारी रडणं निम्म्यावर. गुरुवारी त्याने काकडीचा काप उचलला, वरणात बुडवला आणि चाटला. पुन्हा बुडवला, पुन्हा चाटला. अर्धी वाटी वरण त्याने त्या एका कापाने संपवलं आणि शेवटी कापही खाल्ला. मी गप्प बसून माझं जेवत राहिले. कौतुक करावंसं फार वाटलं, पण त्याचं सगळं लक्ष त्या वरणात होतं, ते मोडायचं नव्हतं.

मोबाईल बघत जेवणारं मूल तोंड उघडतं आणि गिळतं. काय खाल्लं, पोट कधी भरलं, हे त्याला कळत नाही. आपल्याला वाटतं, आज पूर्ण वाटी गेली. म्हणून मोबाईल काढल्यावर सुरुवातीला मूल कमीच खाणार, ते धरून चाला. अंगणवाडीतल्या सवयीने मी दर महिन्याला त्याचं वजन करते. पहिल्या महिन्यात दीडशे ग्रॅम वाढलं होतं, ते पाहून सुनेचाही जीव भांड्यात पडला. मूल आजारी असेल, वजन आधीच कमी असेल किंवा घटत असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा प्रयोग करू नका.

दुपार बसली की दोन आठवड्यांनी रात्रीचं जेवण घ्या. रात्री सगळ्यांचेच मोबाईल लांब ठेवावे लागतात. आमच्या घरी एक पितळी डबा आहे, जेवायच्या आधी सगळे मोबाईल त्यात. तो डबा बंद करायचं काम नातवाचं, आणि ते तो फार चोख करतो.

टीव्ही कुणीच बघत नसताना चालू असतो

आमच्याकडे सकाळी आठपासून बातम्या लागायच्या. हे पेपर वाचत असायचे, मी स्वयंपाकघरात, नातू जमिनीवर खेळत. आपण म्हणतो, तो कुठे बघतोय? पण मूल दर थोड्या वेळाने मान वर करून बघतं, खेळ तुटतो. आणि आपण त्याच्याशी कमी बोलतो, हे जास्त वाईट. लहान मूल भाषा शिकतं ते समोरचं माणूस त्याच्याकडे बघून बोलतं तेव्हा.

यांना पटवायला वेळ लागला. "माझं वय आता बातम्या बघायचंच आहे," असं म्हणत होते, आणि ते खरंही आहे. माणसाची आयुष्यभराची सवय आपण नातवाच्या नावाने हिसकावून घेऊ नये. मधला मार्ग निघाला: बातम्या दुपारी नातू झोपल्यावर आणि रात्री तो झोपल्यावर. सकाळी रेडिओ. सकाळी दहा ते साडेदहा आजोबा-नातू झाडांना पाणी घालतात, पेपरातली चित्रं बघतात, कबुतरं हाकलतात. बातम्या बंद झाल्या तेव्हाच ही अर्ध्या तासाची जागा मोकळी झाली.

स्वयंपाकाचा तास

यावर दोन उपाय केले. एक, स्वयंपाकच हलका केला. रात्री मुलगा भाजी चिरून डब्यात ठेवतो, सून कणीक मळून फ्रिजमध्ये ठेवते. हे मी स्पष्ट मागून घेतलं. आपल्या पिढीला मागायची सवय नाही, पण दिवसभर मूल सांभाळून चार माणसांचा स्वयंपाक एकटीने करायचा आणि वर मोबाईलही द्यायचा नाही, हे होत नाही.

दुसरं, त्याला खरं काम दिलं. खेळण्यातली भांडी त्याला दहा मिनिटांत कंटाळवाणी होतात, खरी परात होत नाही. ओट्यापासून लांब, मला दिसेल असं बसवायचं. कणकेचा लिंबाएवढा गोळा आणि छोटं लाटणं. परातीत रवा आणि चाळणी. कोथिंबिरीची पानं खुडणं. बटाटे या टोपलीतून त्या टोपलीत. लसणाच्या पाकळ्या मोजणं, तीननंतर थेट सात येतो, येऊ द्या. सांडतंच, त्यासाठी खाली चादर. चिंचोके, मटार, शेंगदाणे, हरभरे असं काही पाच वर्षांच्या आतल्या मुलाजवळ ठेवू नका, घशात अडकतं. आणि गॅसवर तेल असेल तेव्हा मूल स्वयंपाकघरात नकोच, तेव्हा आजोबांकडे.

पहिल्या आठवड्यात तो पाच-सात मिनिटं बसायचा आणि माझ्या पायाला येऊन बिलगायचा. महिन्याभरात वीस मिनिटं बसायला लागला. एकट्याने रमणं हेही शिकायला लागतं, त्याला तेवढा वेळ द्या. मधेच कंटाळला तर कंटाळू द्या. कंटाळलेलं मूल दोन मिनिटं कुरकुर करतं आणि मग चमच्याने पाट वाजवायला लागतं.

चारची वेळ मी ठेवली

इथे मी पडदा ठेवला आहे, ठरवून. दुपारी तो झोपून उठतो आणि माझी पाठ तेव्हा बोलायला लागते. वीस-पंचवीस मिनिटं मी दिवाणावर आडवी होते आणि तो शेजारी बसून टीव्हीवर दोन गोष्टी बघतो. आजीचा आराम ही चैन नव्हे. आजी थकली की संध्याकाळ सगळ्यांचीच बिघडते.

टीव्ही का, मोबाईल का नाही? टीव्ही लांब असतो, हातात नसतो, बोटाने पुढे ढकलता येत नाही, आणि काय चाललंय ते मलाही दिसतं. माझं मत विचाराल तर चार वर्षांपर्यंत मुलाच्या हातात मोबाईल देऊच नये. बघायचंच तर टीव्हीवर.

वेळ मिनिटांत सांगू नका. तीन वर्षांच्या मुलाला वीस मिनिटं म्हणजे काय ते कळत नाही. 'दोन गोष्टी' कळतं. पहिली संपली की मी एक बोट मिटते, दुसरी संपली की दुसरं, आणि रिमोटचं बटण तोच दाबतो. मधेच, गोष्ट अर्धी असताना कधीही बंद करत नाही. कुणी आपलं जेवण अर्ध्यावर उचललं तर आपल्याला कसं वाटेल? बंद झाल्यावर लगेच पुढचं काहीतरी तयार असावं लागतं. आमच्याकडे बंद केलं की चप्पल घालायची आणि खाली जायचं. 'बंद कर' आणि 'चल' या दोन गोष्टी जोडून आल्या की रडणं फार कमी होतं.

संध्याकाळ

सगळ्यात अवघड हीच. मूल दमलेलं, आपण दमलेले, आणि त्याला आईची वाट. घरात थांबलात तर मोबाईल देणार, हे नक्की समजा. बाहेर पडा. गुडघे दुखत असतील तर बिल्डिंगखाली खुर्ची टाकून बसा, पण खाली उतरा. आठवड्यातून दोनदा हे त्याला स्टेशनच्या पुलावर नेतात. कुठली मुंबईकडे चालली, कुठली कल्याणकडे, हे त्याला आता माझ्यापेक्षा चांगलं कळतं. कधी फडके रोडवरच्या गणपतीला. रोजची जागा साधीच असावी, म्हणजे आपलंही होतं.

पावसाळ्यात हे सगळं कोलमडतं, दोन-दोन दिवस खाली जाता येत नाही. त्यासाठी एक खोकं वेगळं ठेवलं आहे, ते फक्त पावसातच निघतं: जुने पेपर, डिंक, खडू, लग्नपत्रिका, दोऱ्याची रिकामी रिळं, एक जुना ओढणीचा तुकडा. बादलीभर पाणी आणि चार प्लास्टिकचे डबे बाथरूममध्ये दिले तर अर्धा तास सहज जातो. तिथून मात्र हलायचं नाही, मूल आणि पाणी एकटं सोडायचं नाही.

मोबाईलमध्ये एकदा करून ठेवायच्या गोष्टी

मुलाला किंवा नातलगातल्या कुणा तरुणाला रविवारी शेजारी बसवून हे करून घ्या. यूट्यूबवर एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होतो, ते 'ऑटोप्ले' बंद करा. सगळं भांडण त्या आपोआप सुरू होण्याचं असतं. यूट्यूब किड्स घेतलंत तर त्यात वेळ लावता येते, शोधायची सोय बंद करता येते, आणि आपण निवडलेलंच दिसेल असंही ठेवता येतं. मुलाच्या हाती फोन द्यायचीच वेळ आली तर अँड्रॉइडमध्ये 'अ‍ॅप पिनिंग' आणि आयफोनमध्ये 'गाइडेड अ‍ॅक्सेस' असतं, त्याने मूल एकाच ठिकाणी राहतं, भलतीकडे जात नाही. आणि फोनचा पासवर्ड नातवासमोर टाकू नका. दोन वर्षांच्या मुलाला आकडे येत नसले तरी बोट कुठे कुठे जातं ते त्याला पाठ होतं.

रात्री झोपायच्या आधी तासभर कुठलाच पडदा नको. उजेडाने झोप उशिरा लागते. दिवा मंद करायचा आणि चिऊ-काऊची गोष्ट सांगायची, रोज तीच, शब्द बदलला तर तो दुरुस्त करतो.

सुनेशी कसं बोलायचं

ती बारा तासांनी घरी येते, तिच्या हातात कामाचा फोन वाजत असतो. 'आम्ही दिवसभर देत नाही आणि तू आल्या आल्या फोन काढतेस,' हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. बोलले नाही, बरं झालं. त्याऐवजी माझा बावीस नोंदींचा कागद तिला दाखवला. माझी चूक मी आधी मांडली, तेव्हा तिने आपणहून विचारलं, "आई, मी काय करू?" मी एवढंच मागितलं: दारातून आलीस की पहिली पंधरा मिनिटं फोन त्या डब्यात. त्या पंधरा मिनिटांत तो तिच्या मांडीवर नुसता बसून राहतो. पुढचा तास मग तो शांत असतो.

एक गोष्ट मोबाईलवर ढकलू नका

मूल नाव घेतल्यावर वळून बघत नसेल, नजरेला नजर देत नसेल, दोन वर्षांचं झालं तरी 'आई ये', 'पाणी दे' असे दोन शब्द जोडत नसेल, तर 'मोबाईल बंद केला की होईल ठीक' म्हणून सहा महिने थांबू नका. मोबाईल बंद कराच, पण डॉक्टरांनाही दाखवा. खासगीत जायची ऐपत नसेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. २०१३ साली तो सुरू झाला तेव्हापासून त्याची पथकं अंगणवाडीत येऊन मुलं तपासतात आणि गरज असेल तर पुढे जिल्ह्याच्या केंद्रात पाठवतात. जवळच्या अंगणवाडीताईला विचारा, ती सांगेल. उशिरा पोहोचलेली मुलं मी पाहिली आहेत, म्हणून एवढ्या कळकळीने लिहिते आहे.

सगळं मोडलं तर

मोडतंच. मागच्या भाद्रपदात त्याला पाच दिवस ताप होता. पाचही दिवस मी मांडीवर घेऊन त्याला टीव्ही दाखवला, औषध पाजायला मोबाईलही दिला. पुन्हा तसंच झालं तर पुन्हा देईन. बरा झाल्यावर पहिल्या दुपारी तो ताटलीसमोर बसला आणि म्हणाला, "आजी, मोबाईल." आता त्याला शब्द नीट येत होता.

मी जुनी चादर काढली, वरणभात वाढला, काकडीचे दोन काप ठेवले. या वेळी दीड दिवस लागला.